पोरगी नर्स झाली, आता पुढं काय? 'मेडिकल-सर्जिकल' एम.एस्सी. नर्सिंगबद्दल सोप्या भाषेत

अमरावती/अकोला : गावातली पोरगी जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झाली की घरात विचार सुरू होतो, आता नोकरी करावी की पुढं शिकावं? पुढचा मार्ग म्हणजे दोन वर्षांचं एम.एस्सी. नर्सिंग. त्यातली 'मेडिकल-सर्जिकल' शाखा नेमकी काय आहे, हे आधी समजून घेतलेलं बरं.

ही शाखा कशाची?
मोठ्या माणसांचे आजार आणि ऑपरेशन, या दोन्ही वेळची शुश्रूषा यात येते. आयसीयू, हृदयरोग, कॅन्सर, मेंदूचे आजार, हाडांचे आजार, किडनी अशा उपशाखा असतात. आपल्या भागात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. खारपाण पट्ट्यातल्या गावांमध्ये किडनीचे पेशंट आहेत, डायलिसिसला बसणारे आहेत. फवारणीच्या दिवसांत विषबाधा, पावसाळ्यात सर्पदंश. अशा पेशंटजवळ डॉक्टर काही मिनिटं असतात, सिस्टर रात्रभर असते. श्वास, लघवी, नाडी यातला बदल आधी तिच्याच लक्षात येतो.

याशिवाय बालरोग, स्त्रीरोग व प्रसूती, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य अशा आणखी चार शाखा आहेत.

कोणाला करता येतं?
• बी.एस्सी. नर्सिंग (4 वर्षं) किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. (2 वर्षं) झालेलं असावं. किमान 55 टक्के गुण लागतात.
• नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते.
• बी.एस्सी. नंतर किमान 1 वर्ष कामाचा अनुभव हवा. पोस्ट बेसिकवाल्यांचा अनुभव आधीचा असला तरी चालतो.

जीएनएम किंवा एएनएम करून थेट एम.एस्सी. होत नाही. जीएनएमवालीला आधी पोस्ट बेसिक करावं लागतं. म्हणजे जीएनएमची 3, पोस्ट बेसिकची 2 आणि एम.एस्सी.ची 2, अशी शिक्षणाचीच 7 वर्षं होतात.

प्रवेश कसा?
राज्यात सीईटी सेलची वेगळी एम.एस्सी. नर्सिंग सीईटी असते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांचे प्रवेश त्यावरून होतात. अभिमत विद्यापीठांची प्रक्रिया वेगळी असते, फीही वेगळी.

दोन वर्षांत काय शिकवतात?
पहिल्या वर्षी नर्सिंग शिक्षण, प्रगत नर्सिंग, संशोधन व संख्याशास्त्र आणि आपली शाखा. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन आणि पुन्हा शाखा. सोबत वॉर्डातली ड्युटी आणि स्वतःचा शोधप्रबंध. नुसतं पाठांतर करून हे निभत नाही.

फायदा किती?
इथं स्पष्ट बोललेलं बरं. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्सच्या भरतीला एम.एस्सी. लागत नाही, जीएनएम किंवा बी.एस्सी. पुरते. फक्त त्या जागेसाठी दोन वर्षं आणि लाखभर रुपये घालवू नयेत. पण नर्सिंग कॉलेजात शिकवायचं असेल, मोठ्या हॉस्पिटलात वरच्या पदावर जायचं असेल किंवा पुढं पीएच.डी. करायची असेल, तर ही पदवी कामाची आहे. आयसीयूचंच काम आवडत असेल तर 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा वेगळा अभ्यासक्रमही आहे.

पैसे भरण्याआधी हे तपासा
1. कॉलेजला याच शाखेची मान्यता यंदासाठी आहे का? बी.एस्सी.ची मान्यता दाखवून एम.एस्सी.चे पैसे घेत असतील तर थांबा.
2. कॉलेजला किती खाटांचा दवाखाना जोडलेला आहे? एकदा स्वतः जाऊन पाहा. पेशंटच नसतील तर शिकणार कोणाजवळ?
3. अनुभवाचं प्रमाणपत्र खरंच काम केलेल्या ठिकाणचं असावं. विकत घेतलेला कागद पडताळणीत उघडा पडला तर प्रवेशही जातो.
4. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती किंवा फी सवलत त्या जागेला लागू आहे का, हे प्रवेशाआधी विचारा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आताच काढून ठेवा.
5. 'सीट पक्की करून देतो' म्हणणाऱ्या एजंटला रोख पैसे देऊ नका. फी कॉलेजच्या खात्यातच भरा, पावती घ्या.

शेत गहाण टाकून प्रवेश घेण्याआधी, त्याच कॉलेजात शिकत असलेल्या एखाद्या पोरीशी अर्धा तास बोललं तरी बरंच कळतं.