पिस्तूल पूर्ण खोलून किती वेळा साफ करायचं असतं? रील्समध्ये दिसतं तितक्या वेळा नक्कीच नाही

अशी रील तुम्हीही पाहिली असेल. टेबलावर रबरी मॅट, त्यावर पिस्तुलाचे सगळे सुटे भाग अगदी बारीक पिनांसकट ओळीने मांडलेले. खाली कमेंट्समध्ये वाद ठरलेला: हे प्रत्येक वेळी करायचं का?

थेट उत्तर असं, की गोळ्या झाडल्यावर साफसफाई प्रत्येक वेळी हवी. पण पिस्तूल पूर्ण खोलणं क्वचितच लागतं आणि बहुतेकदा ते मालकाचं कामच नसतं.

खोलणं दोन प्रकारचं

पहिला प्रकार म्हणजे फील्ड स्ट्रिप. यात स्लाइड, नळी, रिकॉइल स्प्रिंग आणि खालची फ्रेम एवढेच भाग वेगळे होतात. हत्यारं लागत नाहीत, सराव असेल तर मिनिटभराचं काम. दुसरा प्रकार डिटेल स्ट्रिप. यात ट्रिगरची यंत्रणा, फायरिंग पिन, छोट्या स्प्रिंगा असं सगळंच बाहेर येतं.

ग्लॉक 17 चं उदाहरण घेऊ. ऑस्ट्रियाच्या लष्करासाठी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बनलेलं हे पिस्तूल आपल्याकडे एनएसजीही वापरते. नवं पिस्तूल पहिल्यांदा वापरण्याआधी, त्यानंतर दर वेळी गोळ्या झाडल्यावर आणि वापर नसला तरी महिन्यातून एकदा ते साफ करावं, असं कंपनी सांगते. हे सगळं फील्ड स्ट्रिपपुरतंच. त्यापुढे खोलायचं तर प्रशिक्षित आर्मररकडे द्या, असं कंपनीचं म्हणणं आहे.

कारण साधं आहे. काजळी, न जळलेली दारू आणि शिसं-तांब्याचे कण मुख्यतः नळीत, चेंबरमध्ये आणि स्लाइडच्या आतल्या बाजूला साचतात. तिथे फील्ड स्ट्रिप करून पोहोचता येतं. उलट आतली एखादी पिन किंवा स्प्रिंग चुकीची बसली, तर पिस्तूल चालणार नाही किंवा सेफ्टीच काम करणार नाही. दुसरी शक्यता जास्त भयंकर.

मग पूर्ण कधी खोलायचं?

पिस्तूल पाण्यात, चिखलात किंवा वाळूत पडलं तर लगेच. खारं पाणी असेल तर त्याच दिवशी. गोळी अडकायला लागली, ट्रिगर जड वाटू लागला तरी. एरवी वर्षातून एकदा किंवा काही हजार गोळ्यांनंतर, असा ढोबळ हिशेब नेमबाजांमध्ये चालतो.

‘रोज घासलंच पाहिजे’ ही जुनी शिस्तही उगाच आली नव्हती. पूर्वी काडतुसाच्या प्रायमरमध्ये, म्हणजे पिन आपटताच पेटणाऱ्या बुडाच्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून नळीत क्षार उरायचा, तो हवेतली ओल धरायचा आणि लगेच गंज चढायचा. आजच्या बहुतेक काडतुसांत हा त्रास नाही.

आपल्याकडचा पावसाळा मात्र आहेच. कोकणात किंवा मुंबईत चामड्याच्या होल्स्टरमध्ये महिनोन्‌महिने ठेवलेलं पिस्तूल एकही गोळी न झाडता गंजू शकतं. चामडं ओल धरून ठेवतं. म्हणून पिस्तूल होल्स्टरबाहेर ठेवून अधूनमधून पुसायचं आणि तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. भरपूर तेल ओतलं की त्यावर कचरा चिकटतो. फायरिंग पिनच्या खाचेत तेल गेलं तर पिनेचा ठोका कमी पडतो आणि गोळी उडत नाही.

‘साफ करताना गोळी सुटली’

ही बातमी आपण अनेकदा वाचतो. त्यामागे बहुतेकदा क्रमाची चूक असते. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची. उलट केलं, तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली पुढची तिच्या जागी जाऊन बसते. नंतर मॅगझिन काढलं की हातात रिकामं वाटणारं, पण भरलेलं पिस्तूल असतं. त्यात ग्लॉकसारख्या पिस्तुलात स्लाइड काढण्याआधी ट्रिगर दाबावाच लागतो. म्हणूनच चेंबर डोळ्यांनी बघायचं, बोट घालूनही तपासायचं आणि सफाईच्या टेबलावर काडतुसं ठेवायचीच नाहीत.

रील्समधली बरीच पिस्तुलं 9 एमएमची असतात. भारतात हा बोअर सामान्य नागरिकांना मिळत नाही. परवानाधारकांकडे बहुतेकदा .32 बोअरचं पिस्तूल असतं आणि त्याची रचना ग्लॉकपेक्षा वेगळी असू शकते. त्यामुळे रील बघून खोलायला बसू नका, सोबत आलेली पुस्तिका काढा. बिघाड असेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच जायचं, कारण शस्त्र कायद्यानुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. आणि सफाई झाली की जेवायला बसण्याआधी साबणाने हात धुवा, बोटांवर शिसं असतं.