नगरसेवक व्हायचंय? लेखांक ४ : अर्ज ते चिन्ह

प्रभागातली कोणती जागा कुणासाठी राखीव निघते, ते सोडतीवर असतं. ते मागच्या आठवड्यात पाहिलं. सोडतीत आपलं काही चालत नाही. त्यानंतर येणारा कागदपत्रांचा आठवडा मात्र बराचसा आपल्या हातातला असतो, आणि इच्छुक मंडळी नेमकी त्याचीच हयगय करतात. ढोल-ताशा पथक ठरलेलं असतं, उपरणी छापून आलेली असतात, पण अर्जावर आपलं नाव सुचवणाऱ्या सूचकाचं नाव कुठल्या प्रभागाच्या यादीत आहे हे कुणी उघडून पाहिलेलं नसतं.

उदाहरणाला पुण्याची जानेवारी २०२६ ची निवडणूक घेऊ. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार चालला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं आणि १५ डिसेंबरला राज्य निवडणूक आयोगाने २९ महापालिकांचा कार्यक्रम जाहीर केला. अर्ज २३ ते ३० डिसेंबर, छाननी ३१ ला, माघार २ जानेवारीपर्यंत, चिन्हवाटप ३ ला, मतदान १५ ला. मध्ये नाताळ आणि रविवार. चार वर्षं वाट पाहिलेल्यांना अर्ज भरायला प्रत्यक्षात सहा दिवस मिळाले. ज्यांनी दाखल्यांची फाइल दिवाळीतच तयार ठेवली होती, त्यांचं निभावलं.

पात्रता वरवर सोपी दिसते. वय २१ पूर्ण हवं आणि शहराच्या मतदार यादीत नाव हवं. कोथरूडचा मतदार हडपसरमधून उभा राहू शकतो, त्याला आडकाठी नाही. सूचक आणि अनुमोदक मात्र ज्या प्रभागातून लढायचं तिथलेच मतदार लागतात, आणि पहिली ठेच इथेच लागते. महापालिकेची यादी स्वतंत्र बनत नाही. विधानसभेची यादी प्रभागांप्रमाणे फोडतात. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. फोडताना रस्त्याच्या अलीकडची इमारत पलीकडच्या प्रभागात जाते. हरकती येतात, काही दुरुस्त होतात, काही तशाच राहतात. वीस वर्षं गणपती मंडळात आपल्या खांद्याला खांदा लावून राबलेले शेजारी कागदोपत्री भलत्याच प्रभागात निघतात. म्हणून अंतिम यादी हातात घेऊन सूचकाचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः बघावा, नाव जसं छापलंय तसंच अर्जात उतरवावं आणि एखादा जादा सूचक तयार ठेवावा.

बायकांच्या बाबतीत हा गुंता दुप्पट होतो. पुण्यात १६५ पैकी ८३ जागा महिलांच्या. जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, मतदार यादी सासरच्या नावाची, शाळा सोडल्याचा दाखला तिसऱ्याच स्पेलिंगचा. या तिन्ही बायका एकच आहेत हे सिद्ध करायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते. लग्न नोंदवायचं राहून गेलेल्या घरांत मग पंचवीस वर्षांनी धावाधाव सुरू होते. पुरुष उमेदवाराला हा प्रश्न आयुष्यात एकदाही पडत नाही.

बाकीच्या दाखल्यांत मिळकतकर, पाणीपट्टी वगैरेंची थकबाकी नसल्याचा दाखला येतो, घरच्या शौचालयाबाबतचा येतो, आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं नाही याचं घोषणापत्रही. महापालिकेच्या ठेक्यात स्वतःचा हितसंबंध असेल तर अपात्रता. अनधिकृत बांधकामाबद्दलही अपात्रतेची तरतूद आहे. ती खरोखर काटेकोरपणे लावली, तर आपल्या शहरांत अर्ज तपासायला अधिकाऱ्यांना अर्धा दिवस पुरेल, असं माझं मत आहे. अनामत रक्कम पाच हजार, राखीव जागेसाठी त्याच्या निम्मी. तेवढाच एक भाग सुटसुटीत.

राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र हवं. ते हातात नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि निवडून आल्यापासून सहा महिन्यांत प्रमाणपत्र देण्याची हमी द्यावी लागते. ही हमी लोक फार हलक्यात घेतात. एकदा निवडून आलो की बघू, असा हिशेब असतो. पण मुदत चुकली की निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होते, आणि ही मुदत बंधनकारक आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. त्या निकालाने राज्यातल्या कितीतरी नगरसेवकांची झोप उडवली होती. पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातली नोंद शोधायला तालुक्याच्या गावी जायचं असेल, तर ते निवडणूक जाहीर होण्याआधी जावं.

शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे यांची माहिती द्यायची असते. यात खोटं लिहिणाऱ्यांची चर्चा होते, पण अर्ज जास्त अडकतात ते रिकाम्या रकान्यांमुळे. आपल्यावर गुन्हा नाही, म्हणून माणूस तो रकाना कोरा सोडून पुढे जातो. तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायला हवं. कोरा रकाना म्हणजे माहिती दडवणं, आणि आठवण करून दिल्यावरही तो भरला नाही तर अर्ज बाद होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच सांगून ठेवलंय. शपथपत्राच्या प्रत्येक पानावर, प्रत्येक ओळीत काहीतरी लिहिलेलं दिसलं पाहिजे, एवढं एक काम घरातल्या एखाद्या चिकित्सक मेहुण्याकडे सोपवावं.

आता एबी फॉर्म. हे दोन वेगवेगळे कागद असतात. ‘अ’ नमुन्यात पक्ष कळवतो की अमुक माणसाला उमेदवार ठरवण्याचा अधिकार दिला आहे. ‘ब’ नमुन्यात तो माणूस उमेदवाराचं नाव लिहून देतो. दोन्हींवर शाईची मूळ सही लागते. झेरॉक्स चालत नाही, मोबाइलवर आलेला फोटो तर नाहीच. बंडखोरी टाळायला पक्ष हे कागद शेवटच्या दिवसापर्यंत दाबून ठेवतात. मग ३० डिसेंबरला क्षेत्रीय कार्यालयाच्या दारात एकेक इच्छुक फोन कानाला लावून उभा. पुण्यातल्या एका प्रभागात एकाच जागेसाठी एका पक्षाचे दोन एबी फॉर्म निघाले. त्यातल्या एका इच्छुकाने दुसऱ्याचा फॉर्म फाडल्याची तक्रार झाली, तो गिळून टाकल्याच्याही बातम्या आल्या. गंमत सोडा, पण त्या कागदाची किंमत काय असते ते यावरून कळावं. जाणते लोक दोन अर्ज भरतात, एक पक्षाच्या नावाने आणि एक अपक्ष. ऐनवेळी फॉर्म आला नाही तर रिंगणात राहायला दुसरा अर्ज असतो, आणि वाटाघाटीलाही तोच उपयोगी पडतो.

छाननीला स्वतः जावं किंवा कायदा कळणारा प्रतिनिधी पाठवावा. हरकत घेणारा वकील घेऊन आलेला असतो. किरकोळ चुकीवरून अर्ज बाद करता येत नाही, पण किरकोळ काय आणि गंभीर काय, यावर त्या टेबलाशी घासाघीस चालते. तिथे बोलायला आपलं कुणी नसेल तर समोरच्याचंच ऐकलं जातं.

माघारीच्या दिवसाबद्दल थोडकंच लिहितो. या वेळी राज्यभरात साठांहून अधिक जागा बिनविरोध झाल्या, कल्याण-डोंबिवलीतल्या त्यात ठळक. इतक्या माघारी प्रेमाने झाल्या असतील यावर मतदारांचा विश्वास बसला नाही, आयोगानेही अहवाल मागवले. सत्ताधाऱ्यांचेच उमेदवार एवढ्या संख्येने बिनविरोध येतात, तेव्हा तो योगायोग मानायला मीही तयार नाही.

जे उरले त्यांना ३ जानेवारीला चिन्हं मिळाली. पक्षाच्या उमेदवाराला त्या दिवसाचं काही नाही. त्याचं चिन्ह लोकांना आधीपासून पाठ असतं. अपक्षाला मुक्त चिन्हांच्या यादीतून कपबशी, शिट्टी, नारळ असं काही मिळतं, आणि प्रचार संपतो १३ ला. दहा-अकरा दिवसांत कपबशी म्हणजे मी, हे घरोघरी पोचवायचं.

त्यातून पुण्यात जवळजवळ सगळे प्रभाग चार सदस्यांचे. इथली पद्धत २००२ साली तिघांची होती, २००७ ला एकाची, २०१२ ला दोघांची, २०१७ पासून चौघांची. मुंबईत मात्र एका प्रभागाला एकच नगरसेवक. चार सदस्यांच्या प्रभागात मतदार अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं देतो, आणि चारही झाल्याशिवाय त्याचं मतदान पुरं होत नाही. नको असेल त्या जागेला नोटाचं बटण असतं, पण ते दाबावंच लागतं. पक्षाच्या चौघांच्या पॅनेलला सांगायला सोपं, चारही ठिकाणी एकच चिन्ह. एकट्या अपक्षाला मात्र ‘ड’ जागेचा फिकट निळा कागद शोधा, त्यावर कपबशी शोधा, असं समजावावं लागतं. मग आजीबाई विचारतात, बाकीची तीन मतं कुणाला देऊ बाळा? याचं उत्तर तयार नसलेला अपक्ष त्या दारात दहा मिनिटं अडकतो, आणि एखादं नाव सुचवलं की जिन्यावरून खाली येईपर्यंत ते प्रभागभर झालेलं असतं.

पुण्यात मतदार साडेपस्तीस लाखांच्या घरात आणि प्रभाग ४१, म्हणजे सरासरी एका प्रभागात ८५ हजारांच्या वर. उमेदवाराची खर्चमर्यादा १५ लाख रुपये. भागाकार केला तर माणशी सतरा रुपये पडतात, त्यात पत्रक, रिक्षा, चहा सगळं आलं. पॅनेलचे चौघे एकाच पत्रकाचा खर्च वाटून घेतात, अपक्षाला ती सोय नाही. स्वतंत्र बँक खातं, रोजचा हिशेब आणि आयोगाच्या दरपत्रकात वडापावची किंमत का छापलेली असते, ते पुढच्या आठवड्यात.