असं का होतं? : लंगोट बांधताना आखडणारे पाय

जैनथ गावात हे आधी आजीच्या हाताला कळतं. सातव्या महिन्यात जन्मलेल्या नातवाला तेल लावताना मांड्या उघडत नाहीत, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. खरं तर अशी बाळं जन्मतः ढिली असतात. ताठरपणा बहुधा काही महिन्यांनी येतो.

स्नायू म्हणजे बैल, मेंदू गाडीवान. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतले, पोकळ्यांलगतचे तंतू फार नाजूक. ते दुखावले की कासरा सुटतो आणि मज्जारज्जू स्नायूंना ‘आवळ, आवळ’ सांगत राहतो. बॅक्लोफेन हे औषध मज्जारज्जूतच कासरा ओढून धरतं. पण गुंगी आणतं, आणि एकदम बंद करायचं नसतं. बोटॉक्सचं इंजेक्शन टोचलेल्या स्नायूलाच सुमारे 3 महिने सैल ठेवतं. दुखावलेले तंतू मात्र दोन्ही औषधं सांधत नाहीत. म्हणून त्या 3 महिन्यांतच फिजिओथेरपिस्ट पाय ताणून घेतात.