चाळिशीनंतरचं टेस्टोस्टेरॉन: आधी झोप सांभाळा

तिशी-चाळिशीनंतर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन दरवर्षी साधारण १ टक्क्याने उतरतं. हे वयानुसार होणारच, घाबरू नका. पण पोट सुटलं की उतार वाढतो, कारण चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करून टाकतं.

आणि झोप! शिकागो विद्यापीठाच्या २०११ सालच्या अभ्यासात १० निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री ५च तास झोपू दिलं. दिवसाची पातळी १० ते १५ टक्के घसरली. तेव्हापासून माझा मोबाइल रात्री दहालाच स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतो. सकाळी उठाबशा, मग पाण्याच्या दोन भरलेल्या कळशा घेऊन जिना.

पावडरी-कॅप्सूल घेण्याआधी रक्त तपासा, सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी. कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन मात्र मनाने घेऊ नका, शुक्राणू घटतात.