बस्ता लातूरचा, जेवण कुठलं?

आमच्या अहमदपूरला लग्न ठरलं की पहिलं भांडण बस्त्यावरून. लातूर काय, नांदेड काय, दोन्ही एसटीच्या टप्प्यात. आत्या म्हणायची, "नांदेडला साड्या बऱ्या भेटतात." काका म्हणायचे, "लातूरला उधारी भेटते." काका जिंकायचे. आता पुण्यात नोकरी करणारी भाची दिवाळीला येते आणि दोन्ही शहरं एका फटक्यात निकालात काढते : "मामा, इथं ना धड मॉल, ना धड हॉटेल."

तिचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे.

मॉलचं मात्र नाही. लातूरची गंजगोलाई फैयाजुद्दीन या नगररचनाकाराने आखली. सरकारी नोंदीत साल आहे १९१७, म्हणजे निजामी अमदानी. मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती दुमजली वर्तुळ आणि येऊन मिळणारे १६ रस्ते. कुठं सोनं, कुठं चपला, कुठं मिरची आणि गूळ. एका मालाची दुकानं एका रांगेत. त्यामुळं एकानं भाव चढवला की गिऱ्हाईक त्याची पायरी उतरून शेजारची चढतं. आडतीवर तूर-सोयाबीन घालून, पट्टीचे पैसे कनवटीला लावून आलेल्या माणसाला दुपारच्या एसटीआधी दहा घरं फिरून भाव काढता यावा, याहून चांगली सोय कुठल्या सरकत्या जिन्यानं केली? गर्दी, धूळ, गाडी लावायला जागा नाही, हे सगळं खरं. पण ज्याच्यासाठी बाजार मांडला, त्याला तो अजून उपयोगी पडतो.

नांदेडचा पिंड वेगळा. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींचं इथं निर्वाण झालं. महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड गुरुद्वारा बांधवला. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीची, म्हणजे ग्रंथसाहिबाच्या गुरुपदाची, त्रिशताब्दी झाली, त्या निमित्तानं शहराचे रस्ते रुंदावले, आणि रुंद रस्ता आला की काचेचं दुकान येतंच. तरी इतवारा, चौक बाजार या जुन्या भागात पाऊल टाकलं की हैदराबाद जवळ वाटायला लागतं : बिर्याणी, तहारी, सकाळची निहारी. आणि नांदेडच्या खाण्यावर वाद घालणारे एक पंगत हटकून विसरतात. लंगर. तिथं बिल नाही, मेन्यूकार्ड नाही, आणि शेजारी कोण बसलंय ते विचारायची रीत नाही.

आता भाचीचं खरं निम्मं. दोन्ही शहरांतलं बरं म्हणावं असं कुठलंही हॉटेल घ्या, कार्ड एकच : पनीर, तंदुरी रोटी, व्हेज कोल्हापुरी. कोल्हापूर इथं कशाला? येसरची आमटी, अंबाडीची भाजी, धपाटे, सकाळची सुशीला यांना एसीत प्रवेश नाही. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या तीन जिनसांना भौगोलिक मानांकन मिळालं : बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर. आंबट वरणाचं निम्मं सामान घरचं, तेही शिक्क्याचं! आणि कार्डावर काय? दाल तडका.

अपवाद एक आहे, तोही हातगाडीवरचा. निलंगा राईस, पिवळा, झणझणीत भात. शिकवणीला आलेली पोरं त्याच्यावर रात्र काढतात. शिकवण्यांच्या या 'लातूर पॅटर्न'नं शहरात मेस आणि डबे वाढवले, पण सोळा-सतरा वर्षांच्या पोराला पोट भरायचं असतं, चव शोधायची नसते. आणि लातूरच्या हॉटेलवाल्याला नावं ठेवताना एप्रिल २०१६ आठवावा. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. जिथं पाणी रेल्वेनं येतं, तिथं ताट मांडणं हेच धाडस.

गेल्या वर्षी भाचीला वेळ अमावस्येला मुद्दाम बोलावून घेतलं. त्या दिवशी लातूर ओस पडतं, सगळं शहर कुणाच्या ना कुणाच्या शेतात. बाजरीचे उंडे, आंबील, आणि ओला हरभरा, तूर, पालेभाज्या बेसनात शिजवलेली भज्जी. तिसऱ्यांदा वाढून घेत तिनं विचारलं, "मामा, हे लातुरात कुठल्या हॉटेलात मिळतं?"

"आज तर तिथं चहासुद्धा मिळायचा नाही," मी म्हणालो आणि तिच्या ताटात आणखी एक उंडा टाकला.