दुर्बिणीचे पेच

जसोंडीच्या बाजूने बऱ्हाणपुरास जाताना मला तापीपलीकडचा आहूखाना, मोगलांचे ते मृगवन, हटकून आठवते. १९७२ च्या कायद्याने शिकारीस बंदी आली. जुन्या घराण्यांतून रायफली तेवढ्या उरल्या. रायफलीवर दुर्बीण बसविणे नाजूक काम! बैठकीच्या पेचांवरील तेल प्रथम पुसावे. मग कड्यांचे पेच आळीपाळीने, थोडेथोडे, सारख्याच जोराने आवळावेत. सैल पेच गोळीच्या धक्क्याने हलतो. दुर्बीण केसभर सरकली, तरी शंभर यार्डांवर गोळी चार बोटे दूर जाते आणि जनावर जखमी होऊन रानात शिरते. कॉर्बेटने १९०७ साली मारलेल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे सुळे कुणाच्या तरी जुन्या गोळीनेच मोडलेले होते. पेच नीट आवळणे हा शिकाऱ्याचा पहिला धर्म, तो याचसाठी.