अलंकारांचीं नांवें आणि त्यांचें काम

इंग्रजीच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी सिमिली, मेटॅफर, मेटॉनिमी, आयरनी हीं नांवें घोकतात. परंतु उतारा पुढें आला कीं गोंधळतात. वस्तुतः पहिलीं दोन आपल्या उपमा-रूपकांचींच भावंडें होत. 'मुख चंद्रासारखें' ही उपमा. 'मुख हाच चंद्र' हें रूपक. 'सारा गांव लोटला' यांत गांव म्हणजे गांवचीं माणसें. ही मेटॉनिमी, आपल्याकडे लक्षणेंत मोडणारी.

खरी अडचण आयरनीची. स्तुतीच्या मिषानें निंदा करणारी व्याजस्तुति तिच्या जवळची खरी, पण तिची व्याप्ति लहान. शेक्सपियरच्या 'ज्यूलियस सीझर' (सुमारें १५९९) नाटकाच्या तिसऱ्या अंकांत सीझरच्या प्रेताजवळ अँटनी भाषण करतो. ब्रूटस सन्माननीय आहे, असें तो वारंवार म्हणतो. आरंभीं तें सरळ वाटतें. मग सीझरचीं सत्कृत्यें एकेक पुढें येतात, आणि तोच शब्द उलटून बोचूं लागतो. शेवटीं जमाव खवळतो. शब्द तोच, संदर्भ मात्र बदलला! म्हणून उत्तरांत नुसतें 'येथें आयरनी आहे' लिहिणें अपुरें. ती कोणत्या शब्दावर बसली व श्रोत्यांचें मन कसें फिरलें, तेंही लिहावें.

घरीं मूल नांवें घोकीत असेल तर पालकांनीं त्यास हें भाषण मोठ्यानें वाचावयास सांगावें, आणि तो शब्द कितव्या वेळीं बोचला, तें विचारावें.